गुडघ्यांची पूड

माझ्या आत्याला घरात सगळे ‘ठिपकेबाई’ म्हणत. हे नाव माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या मोठ्या भावानं ठेवलेलं. खाण्याचे पदार्थ आणि औषधं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ती कामाला होती आणि दिवसभर ठिपकेच द्यायची. हाताच्या पंजाएवढी काच, तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. खालच्या कडेजवळ पेन्सिलीची हलकी रेघ आणि त्या रेघेवर केसासारख्या बारीक नळीनं ठेवलेले ठिपके. एक तपासायच्या मालाचा, शेजारी दुसरा ओळखीच्या पदार्थाचा. मग तळाशी बोटभर द्रावण असलेल्या बरणीत ती काच उभी करायची आणि झाकण लावून गप्प बसायचं. द्रावण थरातून वर चढतं, जाताना ठिपक्यातल्या गोष्टी सोबत नेतं. काही रेघेजवळच रेंगाळतात, काही थेट वर पोचतात. मिरचीपुडीत कुणी कपड्याचा रंग घातला असेल, तर तो मिरचीच्या रंगापासून सुटून वेगळा उभा राहतो.

“आणि मध्येच झाकण उघडलं तर?” मी लहानपणी विचारायचे.

“तर सगळं मुसळ केरात. परत पहिल्यापासून.”

आत्यानं लग्न केलं नव्हतं. आजोबा तिच्याकडे राहायचे, आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. आजोबा निवृत्त बस कंडक्टर. सगळी उमर चालत्या बसमध्ये उभ्यानं गेली आणि त्याची वसुली गुडघ्यांनी केली. शेवटी शेवटी तर ते खुर्चीतून उठायचं म्हटलं की आधी खुर्चीला शिव्या द्यायचे, मग गुडघ्यांना, मग आम्हाला. कोपऱ्यावरच्या बागेत त्यांचे जुने सोबती पत्ते कुटत बसायचे. आजोबांना खिडकीतून ते दिसायचे, पण जाता यायचं नाही.

मग त्यांना कुणीतरी पुडीवाल्या काकांचा पत्ता दिला. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान, आत भिंतभर काचेच्या बरण्या. काका झाडपाल्याची पूड कागदात बांधून द्यायचे आणि प्रत्येकाची चौकशी करायचे. आजोबांनी सकाळ-संध्याकाळ पूड घ्यायला सुरुवात केली आणि आठवडाभरात ते आपले आपण उठून दारापर्यंत गेले. महिना उलटला तेव्हा ते बागेत बसून पत्ते पिसत होते. आईनं आनंदानं डोळे पुसले. बाबा म्हणाले, “मानलं बुवा त्या माणसाला.” आजोबांचा चेहराही गोल गरगरीत झाला. भेटेल तो म्हणायचा, “तब्येत सुधारली हो!”

आत्या मात्र त्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. आजोबांच्या दंडावर जरा धक्का लागला की निळा डाग उठत होता. तपासणीत साखर एकदम वाढलेली निघाली. एक दिवस तिनं त्यांच्या डब्यातली एक पुडी उचलली आणि कामावर नेली.

तिच्या मनात स्टेरॉइडचा संशय होता. सूज आणि दुखणं झटक्यात दाबतं, पण डॉक्टरांच्या नजरेखाली मोजूनमापून घ्यायचं, असं ते औषध. पूड द्रावणात हलवून, गाळून तिनं काचेवर ठिपका दिला आणि शेजारी खऱ्या स्टेरॉइडचा. द्रावण चढलं, काच वाळली. खास दिव्याखाली सगळा थर हिरवा चमकायला लागला आणि त्या हिरव्यात दोन काळे ठिपके अगदी एका उंचीवर उभे होते. तिनं द्रावण बदलून पुन्हा केलं. दोन्ही एकमेकांत मिसळून एका ठिकाणी ठेवून बघितले, ते एकच होऊन चढले. तेव्हा ती स्टुलावर बसली. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं.

तिला हेही ठाऊक होतं की हे औषध एकदम तोडायचं नसतं, सवयलेलं शरीर कोसळतं. तिनं डॉक्टरांची वेळ घेतली आणि घरी येऊन आधी आजोबांना समजावलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे तुझ्या काचेवरचा ठिपका खरा आणि माझे पाय खोटे?”

“पाय खरेच आहेत बाबा. पण आतून दुसरं काहीतरी खचतंय. डॉक्टरांकडे तरी चला.”

“बारा भानगडी आहेत डॉक्टरांच्या. मी येणार नाही.”

आत्यानं हे माझ्या बाबांच्या कानावर घातलं. आजोबांना राजी करायला दादाची मदत होईल, एवढंच तिला वाटलं होतं. पण बाबांचा राग म्हणजे दुधासारखा, बघता बघता उतू जाणारा. ती पुढचं बोलेपर्यंत ते तरातरा खाली गेले, डबा उचलला आणि सगळ्या पुड्या संडासात ओतून पाणी सोडलं.

“दादा, असं एकदम बंद नाही करायचं!” आत्या मागून ओरडत राहिली.

“विष आहे म्हणतेस आणि ठेवून देऊ?”

आजोबा दोघांशीही बोलेनासे झाले. नव्या पुड्या आणायला ते जाऊ शकले नाहीत, कारण अंगातलं बळच चाललं होतं. डॉक्टरांकडे न्यायचं तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आत्यानं हात जोडले, रडून पाहिलं. त्या आठवड्यातच त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि एका सकाळी न्हाणीघराच्या दारात ते कोसळले. आम्ही त्यांना उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आत्याला बाजूला घेतलं. “रोज किती जात होतं पोटात? अंदाज द्या.”

“आहे, एवढं सांगू शकते. किती ते नाही सांगता येणार. माझी काच तेवढंच बोलते. आणि हातानं मिसळलेली पूड, प्रत्येक पुडीत वेगळं असेल.”

आजोबा वाचले. त्यांना तेच औषध गोळीतून, मोजून सुरू केलं आणि हळूहळू कमी करत आणलं. जसजसं ते कमी झालं तसतसे गुडघे परत ठणकायला लागले. ते पुन्हा खिडकीतल्या खुर्चीत आले. आत्या शेकायला पिशवी घेऊन जायची, तर ते पाय आखडून घ्यायचे.

आत्या पुडीवाल्या काकांकडे गेली. भांडायच्या तयारीनं गेली होती. पण काका उठून उभे राहिले तेव्हा तिला त्यांचा चेहरा नीट दिसला. गोल, फुगलेला, आजोबांसारखाच. हातावर निळे डाग.

“तुम्ही स्वतः घेता ही पूड?” तिनं विचारलं.

“मी घेतो, बायको घेते. माझ्या हातची आहे, न घ्यायला काय झालं?”

“पाला तुमचा, पण पूड कुटतं कोण?”

काका गांगरले. झाडपाला आता कोण कुटतं, तयार पूड पोत्यानं येते, आपण त्यात दोन-तीन गोष्टी घालतो, असं म्हणाले. आत्यानं काय सापडलं ते सांगितल्यावर त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. “नाही हो ताई, नसेल तसं. माझ्या बायकोला मी...” एवढं बोलून ते बरण्यांकडे बघत राहिले. आत्या आली तशी परत फिरली. शिव्या द्यायला तिला माणूसच सापडला नाही.

तिनं कचेरीत तक्रार दिली. घरून आणलेल्या पुडीला किंमत नव्हती. निरीक्षकानं जाऊन, पंचांसमोर सील करून आणलेला नमुनाच चालतो. निरीक्षक होते दोन आणि गाव मोठं. ते गेले तोवर बरेच महिने लोटले होते. सीलबंद नमुना शेवटी आत्याच्याच टेबलावर आला. आपल्या वडिलांचं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला द्या, असं ती साहेबांना म्हणाली. साहेब म्हणाले, “दुसरं आहे कोण? तुमच्यावर विश्वास आहे.”

तिनं ठिपके देऊन काच बरणीत उभी केली. ओळखीचा ठिपका जागेवर होता. शेजारची जागा कोरी. तिनं पुन्हा केलं, द्रावण बदललं, जास्त माल घेतला. कोरी. मधल्या काळात पोतं बदललं होतं, की काकांनी घाबरून माल बदलला होता, कळायला मार्ग नव्हता. जे दिसलं नाही ते लिहिता येत नाही. तिनं ‘आढळले नाही’ असं लिहिलं आणि सही केली.

अहवालाची प्रत काकांना मिळाली, ती त्यांनी काचेच्या चौकटीत घालून दुकानात लावली. गल्लीत रांग वाढली. आजोबांच्या पत्त्यांच्या सोबत्यानं त्याचा फोटो काढून आणून दाखवला. आजोबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“तुझीच सही ना ही?”

“माझीच.”

“मग?”

सोबत्यानं त्या संध्याकाळी पुड्या आणून दिल्या. आधी आजोबांना काही फरक पडला नाही. मग नवं पोतं आलं असावं, कारण पुढच्या महिन्यात ते काठीशिवाय जिना उतरले. आत्यानं पुन्हा एक पुडी नेऊन पाहिली. ठिपका परत आला होता. साहेब म्हणाले, नवी तक्रार द्या. तिनं दिली. निरीक्षकांची बदली झाली होती, नवे आले नव्हते.

या वेळी तिनं बाबांना सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तोडू नका, दर महिन्याला घेऊन या, साखर बघू, रक्तदाब बघू. आजोबा यायला तयार झाले, कारण आता चालत येता येत होतं. तपासणीच्या दिवशी दोघं रस्त्यानं जाताना मी वरून बघायचे. आजोबा पुढे, ताठ, ओळखीच्यांना हात करत. आत्या दोन पावलं मागे, ते अडखळले तर धरायला हात जरा पुढे काढून.