चारने भागलेला आकडा

सरांची नोकरी टिकणं माझ्या हातात होतं, आणि त्या महिन्यात माझ्या हाताला काही यश नव्हतं.

अंबडमधल्या आमच्या छोट्या कंपनीचा एकच चालणारा माल होता: कारखान्यातल्या भट्ट्यांचं तापमान पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम. चौदा वर्षांपूर्वी सरांनी तो विंडोजसाठी एकहाती लिहिला. मी कोडिंग शिकले तीही त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत बसून. मग ओझर रस्त्यावरच्या वर्कशॉपने, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, आपले कॉम्प्युटर लिनक्सवर नेले. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "महिनाअखेरपर्यंत आपला प्रोग्रॅम तिथे नीट चालला तर ठीक. नाहीतर पुण्याहून तयार पॅकेज घेतो. मग सरांना ठेवून करायचं काय?" सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. या प्रोग्रॅमशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि हे त्यांच्यासकट सगळ्यांना माहीत होतं.

मी प्रोग्रॅम लिनक्सवर नेला आणि भट्ट्यांची अदलाबदल सुरू झाली. तीन नंबरच्या भट्टीचं तापमान चार नंबरच्या नावावर दिसायला लागलं. तेही रोज नाही. दोन-दोन दिवस सगळं शहाण्यासारखं चालायचं आणि मग अचानक बोंब. एकेका भट्टीवर लक्ष ठेवायला प्रोग्रॅममध्ये एकेक वेगळं काम चालू असतं, त्याला थ्रेड म्हणतात. भट्टी जोडली गेली की नवा थ्रेड सुरू होतो आणि कॉम्प्युटर त्याला एक आकडा देतो. त्या आकड्यावरून ही नोंद कुठल्या भट्टीची ते ओळखायचं. ओळख पटण्यातच घोळ आहे, एवढं मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

ओळख पटवण्याचं कोड सरांच्या फाइलमध्ये होतं. 'या फाइलला हात लावू नये' असं तिच्या माथ्यावर त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे कुणी लावतही नसे. नव्या माणसाला प्यायचं पाणी कुठे आहे ते सांगायच्या आधी हे सांगितलं जाई. मी फाइल उघडून नुसती वाचली. एका ओळीत तो आकडा चारने भागला होता, आणि बाकी सोडून जे उत्तर येईल त्या नंबरच्या खान्यात भट्टीची नोंद ठेवली होती.

"सर, हे चारने का भागलंय?"

"जागा वाचते. चौदा वर्षं चालतंय ते. तू तुझं बघ."

मी माझं बघितलं. चांगलं तीन आठवडे बघितलं. माझा सगळा भाग दोनदा नव्याने लिहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! सर जेवताना डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवत विचारायचे, "सापडलं?" मी नाही म्हणून मान हलवायचे. मला त्यांची कीव यायची आणि त्यांचा रागही यायचा.

शेवटच्या आठवड्यात मी वर्कशॉपमध्येच जाऊन बसले. तिथला चांदवडकडचा ऑपरेटर दोन दिवस माझा अवतार बघत होता. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, लाइट जाऊन आली का लगेच असं व्हतं. लय वेळा पाह्यलं मी. एरवी काय नाय." आमच्या ऑफिसला इन्व्हर्टर. तिथे हे जन्मात दिसलं नसतं.

मी थ्रेडचे आकडे पडद्यावर छापायला लावले आणि लाइट जायची वाट बघत बसले. दुपारी गेली, आली. सगळ्या भट्ट्या एकदम जोडल्या गेल्या. पाच हजार बारा, तेरा, चौदा, पंधरा. विंडोज हे आकडे चारच्या पटीत देतं. सरांनी ते कधीतरी पाहिलं आणि जगाचा नियम मानून टाकलं. लिनक्स ओळीने आकडे देतं. सकाळी भट्ट्या एकेक करून पेटत, मधले आकडे दुसऱ्या कामांना जात, म्हणून निभावत होतं. आता चारही आकड्यांना चारने भागून, बाकी सोडून, उत्तर एकच आलं, आणि चार भट्ट्या एका खान्यात जाऊन पडल्या.

भागाकार काढून भट्टीच्या नंबरावरूनच खाना ठरवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मी धावतच ऑफिसला आले. मालक म्हणाले, "महिना संपत आला, पॅकेजवर काल सही केली मी. सरांनाही सांगून झालंय." त्यांनी कुठे सापडलं एवढंसुद्धा विचारलं नाही.

सर ड्रॉवर रिकामा करत होते. "सापडलं?"

"हो सर."

"कुठे होतं?"

केबिनपासून त्यांच्या टेबलापर्यंत मी ठरवत आले होते की खरं ते सांगायचं. ऐकवायचंच. पण त्यांच्या हातात जुनी डायरी होती आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं.

"माझ्याच भागात होतं, सर."

त्यांचा चेहरा सैलावला. महिन्याभरात पहिल्यांदाच. "वाटलंच मला," ते म्हणाले. डायरी त्यांनी पिशवीत टाकली, पिशवी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, ते खरंच विचारत होते.

"मग आधीच का नाही गं सापडलं तुला?"