‘क्लिअरली’ लिहायची चोरी

एमेस्सी गणिताला आम्ही वर्गात नऊ जण होतो आणि मॅडमचा कायदा एकच होता. प्रूफ लिहिताना कोणी ‘क्लिअरली’ लिहिलं, म्हणजे हे तर उघडच आहे असं म्हणून पुढे सरकलं, की त्याने ते तिथल्या तिथे सिद्ध करायचं. टिटवाळ्याहून ठाण्याला येऊन त्या एका शब्दापायी मी तास तासभर फळ्याशी उभा राहिलेलो आहे. जाम डोकं फिरायचं.

एकदा मॅडमच ‘क्लिअरली’ लिहून गेल्या. नऊच्या नऊ हात वर! त्या हसल्या आणि सिद्ध करायला लागल्या. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. तास संपला तरी जमेना.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात जवळजवळ धावतच आल्या. “अरे, ते चूकच आहे! इतकी वर्षं मी तेच शिकवतेय!” स्वतःची चूक सापडल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीचा विषय काढला. “एमेस्सी झाली की नोकरीच बघायची. उघडच आहे.”

मी म्हटलं, “बाबा, सिद्ध करून दाखवा.”