मांडी घालता येईल असं मचाण

हरणाच्या शिकारीसाठी मचाण निवडताना तुम्ही आधी काय बघता: बसायची गादी की पडताना धरून ठेवणारा पट्टा?

काका गादी बघत होते. हे नागपूरचे काका अमेरिकेत, ॲन आर्बरला माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. मोसमात धनुष्य घेऊन जंगलात जातात आणि आणलेल्या मांसाचा झणझणीत रस्सा अर्ध्या इमारतीला वाढतात. त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी भांडायला मी तयारच असते. ताटावरून माणसाची पायरी ठरवणं आमच्या घरात कधीच चाललं नाही. बाबा चळवळीची पत्रकं छापायचे आणि मला ती शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायला लावायचे.

दुकानात शिडीचं मचाण सगळ्यांत आरामशीर वाटलं, पण ते जड. एकदा उभं केलं की मोसमभर त्याच झाडाला. खोडावर सरकत चढणारं हलकं, पण त्याला बिनफांद्यांचं सरळ खोड लागतं आणि आमच्या जंगलातले ओक सगळे वाकडेतिकडे. म्हणून खोडाला टांगायच्या प्रकारातलं घ्यायचं ठरलं. ते जवळपास कुठल्याही झाडाला बसतं; चढायला खोडाला सुट्या पायऱ्या बांधायच्या. काकांनी मात्र त्यातलं सर्वांत रुंद फळीचं उचललं.

"एवढं मोठं कशाला, काका?"

"अगं, मांडी घालायला! पाय लोंबकळत ठेवले की सुजतात माझे."

पार्किंगमध्येच मी खोक्यातलं पत्रक वाचून दाखवलं. पाय जमिनीवरून उचलण्याआधी अंगावरचा पट्टा झाडाला बांधलेल्या दोराला अडकवायचा; परत जमिनीवर येईपर्यंत सोडायचा नाही.

"झालं भाषण? वर कोण बघतंय, यार?"

"मी बघणार. पट्टा नसेल तर मी येत नाही, आणि गाडी माझी आहे."

"हुकूमशाही!"

"असू दे."

ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी काका वीस फूट उंचीवर, पंगतीला बसल्यासारखे मांडी घालून बसले. पट्टा बांधलेला होता, तोंड फुगलेलं होतं. मी समोरच्या झाडाखाली होते. दोन तासांनी हरीण आलं. हुकाला टांगलेलं धनुष्य घ्यायला काका उठले, पण पाय पार बधिर झालेले. गुडघे दुमडले आणि ते फळीवरून खाली घसरले.

पट्टा ताणला गेला. काका हातभर खाली लोंबकळत थांबले. हरीण पळालं.

"काका, डावीकडे पायरी आहे! पाय टेकवा!"

त्यांनी चाचपडत पाय टेकवला आणि एकेक पायरी खाली आले. जमिनीवर आल्यावरच पट्टा सोडला. मग म्हणाले, "ते पत्रक आहे का गाडीत? परत वाच. सावकाश."

मी वाचलं. आता काका पाय सोडून बसतात आणि अधूनमधून बोटं हलवतात. फळी रुंदच आहे. उभं राहून नेम धरायला तिचा उपयोग होतो.

तुमच्याही खोक्यात असं एक पत्रक न उघडता पडलेलं असेल. मोसमाआधी ते काढा आणि शेवटपर्यंत वाचा. मग पट्टा घालून, सोबत कुणाला तरी उभं करून, जमिनीपासून हातभर उंचीवर एकदा लोंबकळून बघा. याच रविवारी.