पाखरं राखणारीचा आवाज

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, अजून गाणं शिकवतेस?" शिकवते. आणि यंदाच्या श्रावणात जिंकलेसुद्धा. आता पहिल्यापासून सांगते.

उन्हाळ्यात जनवाड्याची एक बाई बीदरला माझ्याकडे आली. गावच्या मठात सोमवारच्या भजनाला तीच पुढे गायची, पण अलीकडे अर्ध्यातच तिचा घसा बसायचा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारीही तसंच झालं, तर पुढची जागा तिच्या जावेला द्यायची, असं भजनाच्या मंडळींनी ठरवलं होतं.

"गा बघू," मी म्हटलं. तिनं हनुवटी वर केली आणि असा आवाज लावला की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

"लहानपणी पाखरं राखलीस काय गं?"

"व्हय अक्का! जोंधळ्यात, माळ्यावर उभारून. माझ्या हाकेला वढ्यापल्याडची पाखरं बी उडायची."

तीच हाक ती देवापुढे देत होती. ती ओरडली की टाळवाल्या जोर लावायच्या, आणि टाळ वाढले की ही आणखी ओरडायची.

मी तिचं गाणं बंद केलं. ओठ मिटून फक्त गुणगुणायचं. थोड्याच दिवसांत ती वैतागली.

"अक्का, जाऊ हसायलीय. म्हणती, बस धरून नुसतं हुं-हुं करायला जायलीस कामून?"

"तिला सांग, पाखरं हाकलून झाली, आता बोलवायला शिकायलेय."

हनुवटी मात्र खाली येईना. रागावलं की गळा आणखी आवळायचा, म्हणून रागवायचं नाही, असं मी ठरवलं. एक दिवस तिच्यापुढे जोंधळ्याच्या पिठाची परात ठेवली. "भाकरी थापत गुणगुण."

थापताना नजर खाली. हात हलका, कारण जोर दिला की कड फाटते. हळूहळू गळाही हाताबरोबर सैल झाला.

"आता तोंड उघड."

भरलेला, गोल आवाज निघाला. ती दचकून थांबली. "अक्का, हे म्याच का?"

दुसऱ्या दिवशी हनुवटी पुन्हा वर. मी पुन्हा परात काढली. असं कितीदा झालं, विचारू नका. तुमचे आजोबा म्हणाले, "भाकऱ्या पुष्कळ झाल्या. आता तिला एखादी भाजीही शिकव."

शेवटच्या सोमवारी मी मठात पुढेच बसले. टाळ दणाणले आणि तिची हनुवटी उचलली. मी मांडीवर तळहात थापटू लागले. तिनं पाहिलं, हसली आणि मान खाली आली. पहिली ओळ कुणालाच ऐकू गेली नाही. टाळ वाजवता वाजवता जाऊ वळून बघू लागली. मग ऐकू यावं म्हणून जावेनंच हात हलका केला, तसं बाकीच्यांनीही केलं, आणि तो गोल आवाज मठभर पसरला. आरतीपर्यंत घसा एकदाही बसला नाही. जागा तिचीच राहिली.

प्रसाद घेताना जाऊ माझ्याजवळ आली. "अक्का, मी बी येऊ का हुं-हुं करायला?"

मी बोलायच्या आधीच मागून माझ्या शिष्येनं उत्तर दिलं, "ये की. येताना पीठ घेऊन ये."