शेळीने खाल्लेला कोपरा

निरगुडीच्या वाळलेल्या पाल्याला कडवट, औषधी वास असतो. त्यात नव्या भाताचा कोंडा मिसळला की तो किंचित गोडावतो, आणि त्या गोडव्याखाली छपाईच्या शाईचा उग्रपणा दबून राहतो. चित्रकथांचा वास माझ्या मनात आता कायमचा असा ठरून गेला आहे. कोळवणच्या एका दुकानात कॉमिक्स भाताच्या कणगीत ठेवतात, शेणाने सारवलेल्या, बांबूच्या, कंबरेएवढ्या उंच कणगीत. आणि कसर लागू नये म्हणून पानापानांत निरगुडी. त्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोहोचायला आम्हा मायलेकींना जवळजवळ वर्ष लागले.

आम्ही नांद्याला राहतो. आमच्या एका खिडकीत भाताची खाचरे आहेत, दुसरीत अर्धवट उभ्या इमारती. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. अक्षरे तिला निम्मीअर्धी येत. चित्रे मात्र ती बोटाने वाचत असे. चौकटीच्या कडेकडेने बोट फिरवायची, आत शिरण्याआधी दार शोधावे तसे, आणि मग एकदम मधोमध टेकवायची.

पहिले दुकान हिंजवडीच्या बाजूचे. सगळे काचेचे, थंडगार, नव्या प्लॅस्टिकच्या वासाचे. प्रत्येक कॉमिक पारदर्शक पाकिटात बंद होते; दाखवण्यापुरते एकच उघडे ठेवलेले. तिने त्याचे पान उलटले आणि ते बोटभर फाटले. तिथला तरुण विक्रेता जवळ आला. "मॅम, बच्चों के लिए नीचे टॉय सेक्शन है," तो हसून म्हणाला. त्याने तिच्या हातातून पुस्तक अलगद काढून घेतले आणि तिचे बोट जिथे टेकले होते तिथे पिवळ्या फडक्याने पुसले. तो उद्धट नव्हता; त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती त्या फडक्याकडे पाहत राहिली, आणि परतताना रिक्षात आपले दोन्ही तळवे उघडून पाहत होती.

त्यानंतर पुस्तक दिसले की तिचे हात पाठीमागे जात. घरी मी चित्रकथा पसरली की ती म्हणे, "तू धर. तूच उलट." आणि तापलेल्या तव्याकडे बघावे तशी लांबून बघत बसे. आयुष्यभर कवितेच्या आधाराने जगलेल्या माझ्यासारखीच्या घरात पुस्तकाला भिणारे मूल वाढत होते. पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. तोवर हे हात मोकळे झाले नाहीत तर ते तसेच गोठून जातील, अशी धास्ती मला वाटू लागली.

म्हणून लहान मुले जिथे खपवून घेतली जातील असे दुकान मी शोधू लागले. पुण्यातल्या एका जुन्या दुकानाचे मालक फार मायाळू होते. फोनवर म्हणाले, "तिसरीत गेली की जरूर आणा. तोवर यांच्या हातात पुस्तक म्हणजे..." आणि वाक्य त्यांनी सौजन्याने अर्धवट सोडले. दुसऱ्या एका ठिकाणी मुलांसाठी खास कोपरा होता, रंगीत खुर्च्या होत्या. पण पुस्तके बँकेतल्या पेनासारखी दोरीने टेबलाला बांधलेली. मुलीने दोरी पाहिली आणि माझ्या ओढणीत तोंड लपवले.

कोळवणला आम्ही तांदूळ आणायला गेलो होतो. कापणी उरकली होती, खाचरांतून पेंढा वाळत होता. एका घराच्या पडवीवर चुन्याने लिहिलेले दिसले: कॉमिक्स मिळतील. लहान पोरं चालतील.

ते 'चालतील' वाचून मी जागच्या जागी थांबले.

आत चष्म्याला दोरा बांधलेल्या, पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. शेजारच्या फार्महाऊसवाल्यांनी घर विकताना कॉमिक्सच्या दोन पेट्या यांच्या पडवीत सोडून दिल्या, तिथून हे दुकान सुरू झाले, असे मला नंतर कळले. जमिनीवर गोणपाट अंथरलेले. त्यावर दोन रिबिनींची, आठेक वर्षांची एक मुलगी मोठ्याने वाचत होती आणि तीन चिमुकल्या पोरी तिच्या खांद्यावरून वाकल्या होत्या.

"बसा, ताई," बाई म्हणाल्या. "मोठं मानूस उभं ऱ्हायलं की पोरांना घाई लागतीया."

मी गोणपाटावर बसले. मुलगी माझ्या मागे, हात तिच्या मागे.

"वाचा किती बी," बाई पुढे म्हणाल्या, "पन हितं इर्जिक हाय."

इर्जिक मला ठाऊक होती. एकाच्या शेतात साऱ्यांनी आपापले बैल घेऊन राबायचे, मजुरी नाही, दुपारी पोटभर जेवण. कॉमिक्सच्या दुकानात तिचे काय काम, ते कळेना.

"ज्याला अक्षर येतंय त्यानं वाचायचं. ज्याला न्हाई त्यानं चित्र सांगायचं. नुसतं ऐकून कुनी उठायचं न्हाई. आवडलं तर इकत न्या."

"माझी मुलगी पुस्तकाला हात लावत नाही हो," मी म्हणाले.

"का? हात दुखतोय व्हय?"

मी हळू आवाजात सगळे सांगितले. त्यांनी मला धीरबीर काही दिला नाही. कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, खालून एक कॉमिक ओढून काढले आणि मुलीसमोर ठेवले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याचा खालचा कोपरा अर्धचंद्रासारखा गायब होता.

मुलगी त्या कोपऱ्याकडे वाकली. मग तिने माझ्या आडून विचारले, "हे कोणी फाडलं?"

"शेळीनं. धनगराच्या पोरी हितंच वाचत बसल्या व्हत्या. मागनं आली आन् खाऊन गेली."

"तुम्ही तिला रागावलात?"

"रागवून काय करू? तिला अक्षर येत न्हाई. तिला वाटलं पाला हाय."

"काकी, शेळी निरगुडी खात न्हाई," रिबिनवाली म्हणाली.

"ही खाती. शिकलेली हाय." बाईंनी चष्मा वर सरकवला. "आता परत्येक पानाची कोपऱ्यातली चौकट तिच्या पोटात. ती तू सांगायची, बाळा. त्येच तुजं काम."

मुलीचा उजवा हात पुढे आला. पानावर नाही, त्या कुरतडलेल्या कडेवर, जिथे आता बिघडण्यासारखे काही उरलेच नव्हते, तिथे तिने बोट टेकवले.

"इथे वाघ झोपला," ती म्हणाली.

"कसा झोपंल?" बाईंनी विचारले. "वरच्या चित्रात त्येला भूक लागलीया."

"मग त्याने शेळी खाल्ली."

"येडी का काय," रिबिनवाली म्हणाली. "शेळीनंच वाघ खाल्लाय. कोपऱ्यासकट."

चिमुकल्या पोरी हसत गोणपाटावर लोळल्या. माझी मुलगी आधी गोंधळली, मग तीही हसली, आणि हसता हसता तिनेच पान उलटले.

मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात मी चूक केली. पुढचे संवाद मी माझ्या काव्यवाचनाच्या, मंचावरच्या आवाजात वाचायला घेतले: विराम देत, स्वर लांबवत, वाघासाठी खर्ज लावून. पोरी पुस्तक सोडून माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. दोन पाने झाल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, तुमी लई झ्याक वाचताय. पन तुमीच वाचताय."

मी पाहिले. मुलीचे हात पुन्हा पाठीमागे गेले होते. आजवर तिच्यासाठी पुस्तक धरणारी, पान उलटणारी, शब्द भरवणारी मीच होते. फडक्याने पुसणारा तर एकदाच भेटला होता.

त्यानंतर आम्ही शनिवारी कोळवणला जात राहिलो, कधी एसटीने, कधी जीपने. मी भिंतीला टेकून पडवीबाहेरचे आवाज ऐकत बसे: पेंढ्यावरच्या चिमण्या, उफणताना सुपातून घसरणारे भात. ती आधी खाल्लेले कोपरे सांगायची, मग न खाल्लेली चित्रे. मग चित्रातल्या संवादाच्या फुग्यांमधले एकेक अक्षर तिच्या बोटाला अडू लागले. काही पाने फाटली. ती गव्हाच्या खळीने बाईंनी तिच्याकडूनच चिकटवून घेतली.

एका शनिवारी ती एका फुग्यापाशी थांबली. जोडाक्षर होते. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. बोट पुढे जायचे आणि पुन्हा मागे यायचे. शब्द मला दिसत होता. तो माझ्या जिभेवर येऊन बसला. मी सवयीने पुढे वाकले, तोंड उघडले.

तिने वर पाहिलेही नाही. सबंध तळवा पानावर पसरून तो फुगा माझ्यापासून झाकला आणि म्हणाली,

"गप."