पिशवीतलं पोट

"थांब, खाऊ नको!" असं ओरडत ते स्टाफरूममध्ये शिरायचे आणि माझ्या डब्यातली पोळी उचलून न्यायचे. पुढच्या तासाला ती सातवीच्या वर्गात दिसायची, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, लिंबाच्या रसात भिजलेली.

भिवंडीतल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. राहायला जवळच्याच वळ गावात, त्यामुळे बोलणं गावचंच. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, तेही गंजलेलं. त्यामुळे जठर पिशवीतच तयार व्हायचं. पोळीचे तुकडे, कोमट पाणी आणि लिंबू. लिंबू नसलं की चायनीजच्या गाडीवरून मागून आणलेलं व्हिनेगर. वर गाठ मारायची आणि मुलांनी आळीपाळीने पिशवी चोळायची.

"दाबा! पोट कधी गप बसत न्हाय!" शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटावरही त्यांचा आवाज चढायचा. भिंतीपलीकडे मी कविता शिकवत असायचो. व्हिनेगरच्या वासात कविता कशी शिकवायची, तुम्हीच सांगा.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातात त्यांनी पिशवी दिली. साहेबांनी उत्साहाने दाबली. ती फुटली आणि सगळा लगदा साहेबांच्या शर्टावर! मुख्याध्यापकांनी मलाही बोलावून झापलं. बाहेर येताच मी भडकलो, तर हे म्हणतात, "पण पोली तुझीच होती ना?"

पुढे पुढे ते स्वतःचाही डबा प्रयोगालाच देऊ लागले. मला वाटलं, वेड वाढलं. पण माणूस वाळत चालला होता.

"सर, पोटात दुखतं का?" मी एकदा विचारलं.

"न्हाय रे. पोरांना पिशव्या पुरत न्हाईत, त्याचं बघ."

एके दिवशी पिशवी चोळता चोळता ते खाली बसले ते उठेनातच. मी रिक्षात घालून त्यांना ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून तपासलं आणि आतला रंगीत फोटो पुढे ठेवला. जखम मलाही कळली; ती वर्षभराची जुनी आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते चष्मा सावरत डॉक्टरांना म्हणाले, "याची आणखी एक प्रत मिलंल का? पोरांनी नुसती पिशवीच बघितली हाय."

मी तिथेच ओरडलो. "वर्षभर दुखत होतं आणि सांगितलं का नाही?"

"वार्षिक परीक्षा होऊ दे म्हटलं."

सगळ्या शाळेला पोट समजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोटाविषयी अवाक्षर काढलं नव्हतं! तो राग माझा अजून गेलेला नाही. चार महिन्यांनी ते गेले, त्यामुळे काढायचा तरी कोणावर?

त्यांच्या बायकोने तो फोटो माझ्याकडे दिला. "पोरांना दाखवा, असं म्हणून गेलेत." विज्ञानाचा रिकामा तास माझ्याकडे आला, तेव्हा मी तो वर्गात फिरवला. कोणाचा, ते सांगितलं नाही. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने तो बराच वेळ हातात धरला.

"सर, यांना खूप दुखत असेल ना?"

"विचारलं की न्हाय म्हणायचे," मी म्हणालो.