खालची ओळ

मनीषनगरात साडीला फॉल लावून घ्यायचा तर बायका सुमतीकडे येतात. टाके असे बारीक की साडी उलटी करून पाहिली तरी सापडत नाहीत. तोंडाची मात्र ती फटकळ. साडीचा रंग जाणार असेल तर घेणारीला तोंडावर सांगायची आणि वर दुकानदाराचा उद्धारही करायची. आता काही सांगत नाही. साडी घेते, कधी यायचं ते सांगते आणि दार लावते.

तिच्या एकुलत्या एक मुलीला, हर्षाला, सिकलसेल होता. हा आजार आईबापाकडून येतो. सुमती आणि तिचा नवरा गोपाळराव, दोघांच्या रक्तात तो अर्धा अर्धा दडून बसलेला. त्यांना त्यानं कधी त्रास दिला नाही, पोरीच्या वाट्याला मात्र अख्खा आला. तिची हाडं ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे, आणि दर महिन्याला रामदासपेठेतल्या दवाखान्यात रक्त चढवून घ्यावं लागायचं. पहिल्या वेळी सुमतीनं आपलाच हात पुढे केला होता. तुमचं चालत नाही, असं सिस्टर म्हणाली. आजार द्यायला चाललं आणि औषधाला चालेना, असल्या रक्ताचा सुमतीला कायम राग येत राहिला.

रक्त चढायला अर्धा दिवस जाई. सुमती सोबत एखादी साडी नेई आणि पलंगाशेजारी फॉल लावत बसे. हर्षाच्या डाव्या हाताच्या शिरांनी कधीच दगा दिला होता, त्यामुळे सुई उजव्या हातात. डाव्यानं फोन तिला नीट पेलत नसे, मग फोन आईनं धरायचा आणि वाचायचं लेकीनं, असा कारभार सुरू झाला. हर्षाला वाचायचे गेम आवडायचे. पडद्यावर चित्र, खाली दोन ओळी, बोट लावलं की पुढच्या ओळी. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात त्याला. त्यातही तिला हवे ते व्हॅम्पायरचे, माणसाचं रक्त पिऊन शेकडो वर्षं जगणाऱ्यांचे.

"दुसरं काही नाही भेटत काय वं तुले?" सुमती म्हणाली. "इथं येऊनही रक्ताच्याच गोष्टी?"

"मी बी त्यातलीच ना, आई. दुसऱ्याचं रक्त घेऊन जगून राहिली."

सुमतीनं तिला दटावलं, पण फोन धरला. ओळी इंग्रजीत आणि सुमतीची शाळा सातवीतच सुटलेली. हर्षा वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. त्यामुळे परदेशी महालातले ते देखणे राजपुत्र सुमतीच्या कानी इतवारीतल्या दुकानदारांसारखे बोलत.

दोन गेमवरून मायलेकींचं भांडण होतं. एक महालाचा. त्यात घडीघडीला प्रश्न पडायचा, वर एक ओळ आणि खाली एक, जी दाबाल तशी गोष्ट वळायची. नाही आवडलं तर मागं येऊन दुसरी दाबायची. सुमतीला हा फार पटायचा. दुसरा खिडकीचा. त्यात एक व्हॅम्पायर बाई आपल्या माणूस मैत्रिणीच्या खिडकीशी रोज येऊन बसते. मैत्रीण म्हातारी होते, आजारी पडते, मरते. गेम काहीच विचारत नाही. नुसतं बोट लावायचं आणि पाहायचं.

"काहीच विचारत नाही तं मंग कायचा गेम?" सुमती चिडली. "त्या बाईनं तिले रक्त पाजून आपल्यासारखी काहून नाही केली? जगली असती ना."

"हाच खरा हाय, आई. महालवाला तुले खुश करून राहिला."

महालाच्या गेममध्ये एक जागा अशी होती की मुलगी मरायला टेकलेली असे. वरची ओळ दाबली की राजपुत्र तिला व्हॅम्पायर करी, आणि ती त्या महालात कायमची जगे. खालची दाबली की तो तिला जाऊ देई. सुमतीचं बोट दर वेळी वरच्याच ओळीवर. गोष्ट कितीदा फिरून तिथं आली, तरी वरच्याच.

"एकदा खालची दाब ना," हर्षा म्हणायची. "खालच्या ओळीत ते पोरगी आपल्या घरी जाते. लय मस्त लिहिलं हाय."

"मी नाही दाबत. तू आपल्या हातानं दाबजो."

"तिले कोनी इचारलं काय, आई, तिले काय पायजे ते?"

सुमतीनं सुईत दोरा ओवला.

यंदा थंडीत हर्षाच्या छातीत आजार उतरला. श्वास पुरेना म्हणून अतिदक्षता विभागात हलवलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. घशात नळी टाकून मशीनवर ठेवावं लागेल, म्हणाले, पण तरी खात्री देत नाही, ठरवा. गोपाळराव इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून तसेच धावत आलेले. त्यांनी सुमतीकडे पाहिलं. सुमती आत गेली. मास्कच्या आड हर्षानं मान हलवली. ती नाही म्हणत होती की धापेनं मान हलत होती, हे सुमतीला आजही कळलेलं नाही.

"टाका," ती डॉक्टरांना म्हणाली. तिच्या तोंडून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं.

नळी असली की माणूस बोलू शकत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. हर्षा काही दिवस तशीच राहिली आणि मग गेली. आईशी तिचं एकही बोलणं झालं नाही.

परवा सुमतीनं हर्षाचा फोन चार्ज केला. गोपाळराव दुकानात होते, मांडीवर कोणाची तरी साडी होती. ज्या खिडकीच्या गेमला तिनं इतकी नावं ठेवली, त्याची आता तिला माया आली. तो कोणाला काही विचारत नव्हता. ज्याला विचारलं जातं त्याच्या जिवाचं काय होतं, ते तिनं भोगलं होतं.

मग तिनं महालाचा गेम उघडला. बोट लावत लावत त्याच जागी आली. मुलगी निजलेली, वर एक ओळ, खाली एक. हर्षाची एवढीच एक गोष्ट ऐकायची राहून गेली होती, म्हणून तिनं खालची दाबली.

महाल गेला. एका घराचं अंगण आलं, दारात एक बाई. मुलगी त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तोंड वर करून तिला काहीतरी सांगत होती. चित्राखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. सुमतीनं त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मुलगी आईला काय म्हणत होती, ते आपल्या बोलीत सांगणारं आता कोणी नव्हतं.